देवळाचा बाक आणि माझा जिना

शहराच्या महाल भागात एका डॉक्टरच्या दवाखान्यावर माझं ऑफिस होतं. एक टेबल, एक ड्रॉइंग बोर्ड आणि खाली रस्त्यावर 'आर्किटेक्ट' अशी पाटी. ती इतकी मोठी रंगवून घेतली होती की पोट दुखणारे लोक डॉक्टरला सोडून आधी माझ्याकडे चढायचे. सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. दोन वर्षांत मी एक गच्ची आणि तीन संडास बांधले होते आणि स्वतःला शहराचा शिल्पकार समजत होतो.

अशात एका जुन्या चर्चची कमिटी माझ्याकडे आली. ती मंडळी चर्चला देऊळच म्हणत. देवळाच्या आवारात मागे कवेलूंच्या, म्हणजे कौलारू, बारा खोल्या होत्या. त्यांत मिशनच्या दवाखान्यातल्या नर्सा, शाळेचे शिपाई, एक सुतार असे लोक राहत, आणि पावसाळ्यात घरभर भांडी मांडून ठेवत. एक व्यापारी ती जागा दुकानांसाठी मागत होता. कमिटीला मात्र तिथं तीन मजली इमारत हवी होती. खाली बालवाडी, छोटा दवाखाना आणि दोन घरं, वर कमी भाड्याची बाकीची घरं. आधी खोल्यांतल्या लोकांना, उरतील ती बाहेरच्या गरजूंना, मग ते कोणत्याही धर्माचे असोत.

दुसरा कोणी असता तर त्यानं पंधरा-सोळा घरं बसवली असती. मी अठरा बसवली. युक्ती जिन्यात होती. नियमात जेमतेम बसेल इतका अरुंद जिना, आणि वळणावर टेकायला सपाट चौक न ठेवता तिरप्या पायऱ्या. थर्मोकोलचं मॉडेल करून नेलं तेव्हा कमिटीनं टाळ्या वाजवल्या. मी विनयानं मान झुकवली. घरी आरशासमोर तिची तालीम करून गेलो होतो.

सगळं ठरलं आणि शेवटच्या खोलीतल्या म्हातारीनं खोली सोडायला नकार दिला. ती रिटायर झालेली नर्स, नवरा वारलेला, सगळं आवार तिला सिस्टरबाई म्हणायचं. पाया तिच्याच खोलीपासून खणायचा होता. काम अडलं तसे कमिटीतले दोघे-तिघे 'दुकानंच बरी' असं बोलायला लागले. म्हणजे बारा घरांचं छप्पर त्या एका बाईवर येऊन ठेपलं.

तिला समजावायला मी गेलो. घरात नळ येईल, ओटा येईल, असं सगळं सांगितलं. तिनं चहा दिला आणि विचारलं, "जिना किती रुंद हाय गा, साहेब?" मी दुर्लक्ष केलं. दुसऱ्यांदा गेलो, पुन्हा तेच. मला वाटलं, वयामुळे डोकं चालत नसेल. तिसऱ्यांदा मी जरा चढ्या आवाजात म्हणालो, "सिस्टरबाई, तुम्हाला खालचं घर देतो. मग तर झालं? जिन्याशी तुमचा काय संबंध?"

"मले खालचं देसान. वरच्याईले काय मरण नाही का?"

मला काहीच कळलं नाही. तिनं मला अंगणात नेलं, चुन्याचं घमेलं पुढं केलं आणि म्हणाली, "तुमचा जिना इथं काढा. हाय तेवढाच." मीही उंटावरचा शहाणा. मोठ्या हौसेनं पुरा जिना जमिनीवर आखला. मग तिनं सुताराला हाक मारून देवळातला एक बाक आणवला, माणसाएवढा लांब. पुढून सुतारानं धरला, मागून मी. वळणावर बाक अडकला. पुढे नेला तर सुताराचा पाय रेघेवर, मागे घेतला तर माझा. आवारातली सगळी बायामाणसं बघत होती आणि मी घामानं थबथबलो होतो.

"आमची पेटी असते, साहेब," सिस्टरबाई हळूच म्हणाली. "घरात आणतात, घरातूनच नेतात. तुमच्या जिन्यातून कशी नेसान? मले उभी करून उतरवसान का?"

आमच्याकडे माणसाला हातांवर उचलून खाली आणतात आणि तिरडी अंगणात बांधतात. शवपेटी लागते हे मला ठाऊक होतं, पण ती जिना उतरते हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. मला खरंच लाज वाटली.

जिना रुंद केला, वळणावर ऐसपैस चौक दिले. दोन घरं गेली, सोळा उरली. मॉडेल मी अडगळीत टाकलं. दुसऱ्याच दिवशी सिस्टरबाईनं खोली सोडली, आणि इमारत झाल्यावर चक्क तिसऱ्या मजल्यावरचं घर मागून घेतलं. तिथून म्हणे देवळाची घंटा दिसते.

सहा-सात वर्षांनी ती त्याच घरात वारली. पेटी सुतारानं केली होती. चौघांनी ती उतरवली, चौकात क्षणभर टेकवली, पुन्हा उचलली. भिंतीला कुठं घासली नाही. मला हुंदका आला, पण त्याआधी छाती फुगली होती, हे कबूल केलेलं बरं. सुतार कानाशी म्हणाला, "साहेब, जिना मंग पाहा. आधी बाईले पोचवू."

घरी आलो. गावाबाहेरच्या एका नव्या वसाहतीत, ले-आउटमध्ये, मी मधल्या काळात स्वतःचं घर बांधलं होतं. दिवाणखाना मोठा हवा म्हणून जिना अरुंद ठेवला होता, वळणावर तिरप्या पायऱ्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. वर आईची खोली. त्या दिवशी चढताना दोन्ही खांदे भिंतींना घासताहेत असं वाटलं.

"आई, तुझं सामान खाली आणतो. दिवाणखान्यात राहा."

"काहून रे?"

"वर ऊन फार लागतं."

"पाच वर्षांपासून लागून राहिलं," आई म्हणाली. पण तिनं हट्ट धरला नाही. आधी तिची लग्नातली लोखंडी ट्रंक काढली. खालून शेजाऱ्यानं धरली, वरून मी. वळणावर ती अडकली. पुढे होईना, मागे होईना. आई वरच्या पायरीवर उभी राहून बघत होती. शेवटी ती ट्रंक उभी करून उतरवावी लागली.