वैजापूरकडची सून

"आमच्यात असं नसतंय."

हे वाक्य म्हणायच्या आधी पहिल्या मजल्यावरच्या काकू पदराचं टोक कमरेला खोचायच्या. आधी खोचणं, मग वाक्य. पदराकडं हात गेला की समोरच्यानं ओळखावं, आपण आत्ता जे काही करतोय ते यांच्यात नसतं. चहात आलं किसून घालणं त्यांच्यात नसे, ठेचलेलं चाले. जिन्यात चपला वेड्यावाकड्या काढणं नसे. जेवताना फोन तर नसेच. मग यांच्यात असतं तरी काय, याची यादी त्यांनी कुणालाच कधी दिली नाही. तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असणारच, आणि तुम्हीही तिच्यापुढं निमूटपणे चपला सरळ केल्या असतील.

मी त्यांच्याच बिल्डिंगमध्ये, गारखेड्यात, दुसऱ्या मजल्यावर राहतो. तळमजल्यावर माझं दुकान आहे, लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं. पासपोर्ट, पॅनकार्ड, जातीचे दाखले, काय म्हणाल ते. लोकांना वाटतं हे काम कॉम्प्युटरचं आहे. ते खरं तर संयमाचं आहे, आणि तो माझ्याकडं नाही हे काकूंनी मला बरेचदा सांगितलं होतं.

काकूंचे यजमान एसटीत होते. ते गेल्यावर काकू आणि मुलगा विशाल, एवढंच घर उरलं. विशाल शेंद्र्याच्या एका कारखान्यात इंजिनिअर. कंपनीनं त्याला मशिनरी बसवायला आठ महिने व्हिएतनामला पाठवलं. परत आला तेव्हा त्याच्या फोनमध्ये लिन नावाच्या मुलीचे फोटो होते आणि चेहऱ्यावर काहीतरी सांगायचं असल्याचा भाव होता. काकूंनी फोटो पाहिले, पदर खोचला.

"मशीन बसवायला धाडलं होतं तुला. संसार मांडून आलास?"

विशाल गप्प बसला. पण गप्प बसणारी माणसं हट्टी असतात. वर्षभरानं लिन टुरिस्ट व्हिसावर इथं आली आणि दोघांनी रजिस्टर लग्नाची नोटीस दिली. ती नोटीस महिनाभर ऑफिसातल्या फळ्यावर लागते, म्हणजे कुणाला हरकत घ्यायची असेल तर घेता येते. काकूंना हरकत होतीच, पण ती त्यांनी फळ्यालाच घेतली. म्हणाल्या, "आमच्यात पत्रिका वाटतेत. भिंतीला चिकटवत नसतेत."

आता तुम्हाला वाटेल, लग्न झालं म्हणजे बायको घरी आली. साफ चूक. बायको परदेशी असेल तर आधी फाइल घरी येते. टुरिस्ट व्हिसाचा पत्नीचा व्हिसा करून घ्यायचा, त्यासाठी लग्नाचा दाखला, दोघांचे पासपोर्ट, घराचा पुरावा, नवऱ्याचं हमीपत्र की या बाईची सगळी जबाबदारी माझी. आमच्या लग्नात माझ्याकडून असलं काही कुणी लिहून घेतलं नव्हतं, आणि ते बरंच झालं. विशालच्या जन्मदाखल्यावर औरंगाबाद, लग्नाच्या दाखल्यावर छत्रपती संभाजीनगर. गल्ली न सोडता गडी एका शहरात जन्मला आणि दुसऱ्यात बोहल्यावर चढला. त्याचाही खुलासा मी टाइप करून जोडला.

मग फोटो. लग्न खरं आहे हे दिसावं म्हणून दोघांचे एकत्र फोटो जोडलेले बरे, असं मला एका जाणकारानं सांगितलं होतं. विशालकडं फोटो भरपूर होते. पण प्रत्येकात तो एका टोकाला, लिन दुसऱ्या टोकाला आणि मध्ये चुलत्यांची आणि आत्यांची रांग. ते फोटो पाहून ही दोघं नवरा-बायको आहेत असं त्यांच्या आत्यानंही म्हटलं नसतं. शेवटी मी दोघांना गच्चीवर नेलं, पाण्याच्या टाकीजवळ उभं केलं आणि म्हणालो, "विशाल, खांद्यावर हात ठेव." त्यानं माझ्या खांद्यावर ठेवला. हे सगळं काकू जिन्याच्या दारातून पाहत होत्या. त्या काय म्हणाल्या हे मी आता सांगत बसत नाही.

काकू लिनशी बोलत नसत. चार महिने एका घरात राहून एक शब्द नाही. काही सांगायचं असलं तर विशालला सांगत, "त्या बाईला म्हणावं, गॅस बारीक कर." विशाल ड्यूटीवर असला की भिंतीला सांगत. आणि लिन गॅस बारीक करी. असं करत करत भिंतीच्या मार्फत तिचं मराठी बऱ्यापैकी झालं.

फाइलची शेवटची पायरी होती पोलीस पडताळणी. हवालदार घरी येणार. परदेशी पत्नी खरंच इथं राहते का, दोघं एकत्र नांदतात का, ते बघून लिहिणार. त्यांचा शेरा नीट गेला तर व्हिसा, नाहीतर टुरिस्ट व्हिसाची मुदत संपली की लिननं चालतं व्हायचं. मुदतीला तीन आठवडे राहिले होते. मी आख्ख्या बिल्डिंगची तालीम घेतली. समोरचे निवृत्त सर, वरचा भाडेकरू, सगळ्यांना पढवलं. विचारलं तर सांगायचं, "हो, राहतात, सुखात राहतात."

एकट्या काकूंना पढवलं नाही. भीती वाटत होती, पदर खोचून म्हणतील, "कोण ती बाई? आमच्यात नाय असली." म्हणून विशालनं आणि मी ठरवलं, हवालदार येणार त्या गुरुवारी काकूंना करमाडला बहिणीकडं पाठवायचं. माझ्या हुशारीवर मी खूश होतो.

मध्ये सोमवारी पाणी आलं. आमच्याकडं नळाला पाणी आठवड्यानं येतं, कधी त्याहून उशिरा, आणि आलं की माणसं ओळखदेख विसरतात. लिननं घरातली सगळी भांडी भरली. हंडे, बादल्या, पातेली, कुकर, शेवटी वाट्यासुद्धा. तरी धार बारीक का म्हणून ती बाहेर आली, तर वरच्या मजल्यावरच्या एकानं नळाला थेट मोटर लावलेली. तो कोण, याला इथं महत्त्व नाही. लिन जिना चढून वर आली आणि त्या मोटरवाल्याला तिनं पाच मिनिटं व्हिएतनामी भाषेत झापलं. एक अक्षर कळलं नाही, पण मी मोटर बंद केली.

खालून काकूंचा आवाज आला, "लिन, आत ये. त्याच्या तोंडी नको लागू."

चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी तिला नावानं हाक मारली होती. हे माझ्या लक्षातच आलं नाही. माझं सगळं लक्ष माझ्या अर्ध्या बादलीकडं होतं.

हवालदार गुरुवारऐवजी बुधवारी आले. मी दुकानात होतो आणि लिन माझ्याच समोर बसून उद्याची उत्तरं पाठ करत होती. विशाल ड्यूटीवर. ते साध्या कपड्यांत आमच्या डोळ्यादेखत जिना चढून गेले आणि मला वाटलं, आले असतील कुणाकडं तरी. दहा मिनिटांनी गेलेसुद्धा. मागोमाग काकू खाली आल्या. पदर खोचलेलाच होता, चेहरा लढाई जिंकल्यासारखा.

"पोलीस आल्ते," त्या मला म्हणाल्या. "लावला वाटंला."

"म्हणजे?"

"विचारायला लागला, इथं परदेशी बाई ऱ्हाती का. मी म्हणलं, परदेशी? आमच्यात परदेशी कुणी नाय. मी, माझं लेकरू आन माझी सून, बास. म्हणला, सून कुठली? म्हणलं, माझ्याच माहेरची, वैजापूरकडची. नाव विचारायला लागला. म्हणलं, सुनंचं नाव परक्या माणसाला सांगत नसतेत, आमच्यात असं नसतंय. पाणी दिलं, गेला."

मी डोक्याला हात लावला. काकू लिनकडं वळून म्हणाल्या, "भिऊ नको. कोणी न्हेत नाय तुला."

लिनला अर्धं कळलं असेल. पण ती खुर्चीतून उठली आणि काकूंच्या गळ्यात पडली. काकू तशाच ताठ उभ्या राहिल्या. गळ्यात पडणं त्यांच्यात नसावं.

हवालदारांचं काही चुकलं नव्हतं. त्यांनी ऐकलं ते लिहिलं. या पत्त्यावर परदेशी महिला आढळली नाही, अर्जदाराची पत्नी वैजापूरकडची असल्याचं अर्जदाराच्या आईनं सांगितलं. आता गंमत पाहा. बिचाऱ्याला एक बायको ठेवून घ्यायची परवानगी मिळत नव्हती, तर त्याच्या नावावर दोन लागल्या. विशालला व्हिसाच्या ऑफिसात खुलाशासाठी बोलावलं. साहेब भले होते, हसलेसुद्धा. पण कागदावर आलेलं पुसता येत नाही, आणि नव्यानं सगळं करायला मुदत उरली नव्हती. त्यांनी सुचवलं, बाईंनी आपल्या देशात जावं आणि तिथून रीतसर अर्ज करावा.

लिन गेली. विशाल तिला सोडायला गेला. काकूंनी दशम्या बांधून दिल्या, फाटकापर्यंत आल्या, रिक्षा वळेपर्यंत उभ्या राहिल्या. मग माझ्या दुकानाच्या पायरीवर बसल्या.

"नंदू, माझ्यामुळं गेली का रे ती?"

"नाही काकू," मी म्हणालो. "नियमच तसा आहे."

फॉर्ममध्ये मी कधी खोटं भरत नाही. हे मात्र तोंडावर बोललो, आणि त्यांना ते कळलं. खरं सांगायचं तर चूक माझी जास्त होती. सगळी बिल्डिंग मी पढवली आणि जिच्या घरात ती मुलगी राहत होती, तिलाच तेवढं विचारलं नाही. त्या वेळी मला फार वाईट वाटलं, आजही वाटतं.

त्यानंतर काकू रोज सकाळी दुकानात येत. "बघ की त्यात, आलं का काय." त्यात काही येत नसे. तिकडच्या वकिलातीनं नवीन कागद मागितला होता, काकूंचंच प्रतिज्ञापत्र. आधी सांगितलेलं बरोबर नव्हतं आणि सून परदेशी आहे, असं त्यांनी स्वतः लिहून द्यायचं. मी ते स्टॅम्पपेपरवर तयार केलं. काकू सातवी शिकलेल्या. चष्मा लावून एकेका शब्दावर बोट ठेवत वाचत गेल्या आणि दुसऱ्या ओळीवर थांबल्या.

"गैरसमजातून काय? समजून बोलले मी."

"काकू, तसं लिहावं लागतं."

"आन हे काय? 'सदर परदेशी महिला माझ्या घरात वास्तव्यास होती.' भाडेकरू हाये का ती?"

पाऊण तास वाद झाला. दुकानात उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आलेले तिघं मन लावून ऐकत होते, त्यातला एक काकूंच्या बाजूनं बोलायला लागला. शेवटी मी ओळ बदलली, "माझी सून, जी व्हिएतनाम देशाची नागरिक आहे, ती माझ्याजवळ राहत होती." काकूंनी ती दोनदा वाचली. पेन हातात घेतलं, पुन्हा खाली ठेवलं.

"हे लिहिल्याबिगर येऊ देत नाय का तिला?"

"नाही."

"मग कागदापुरतं हं," त्या म्हणाल्या. "कागदापुरतं परदेशी." आणि सही केली.

पाच महिन्यांनी लिन परत आली. योगायोगानं तो पाण्याचा दिवस होता. ती बॅग दारात टाकून तशीच हंडे भरायला लागली आणि काकू तिच्यामागून भांडी देत राहिल्या. भिंतीला सुट्टी मिळाली. पुढची दीड-दोन वर्षं त्या घरातून दोघींचं बोलणं माझ्या घरापर्यंत ऐकू यायचं. भांडणंही व्हायची. एकदा लिननं चहात आलं किसून घातलं. काकू तो चहा प्यायल्या आणि मलाच बजावलं, कुणाला सांगू नको म्हणून.

मागच्या हिवाळ्यात काकू गेल्या. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी नाहीत. जिन्यात अजूनही आम्ही सगळे चपला सरळ काढतो, सांगायला कुणी नसताना.

यंदा लिनच्या व्हिसाची मुदत वाढवायची होती. पुन्हा फाइल, पुन्हा फोटो, पुन्हा पडताळणी. हवालदार या वेळी दुसरे होते आणि मी अनुभवानं शहाणा झालो होतो. विशाल ड्यूटीवर होता म्हणून मी त्यांच्याबरोबरच जिना चढलो. लिननं दार उघडलं, आधी तांब्याभर पाणी दिलं. भिंतीवर काकूंचा फोटो होता.

हवालदारांनी कागद काढला. "इथं परदेशी महिला राहते का?"

लिननं ओढणीचं टोक कमरेला खोचलं. 

"आमच्यात..." ती म्हणाली आणि थांबली. मी हवालदारांच्या मागून दोन्ही हात जोडून उभा होतो. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग खाली पाहिलं.

"व्हय," ती म्हणाली. "राहते. मीच."

हवालदारांनी लिहून घेतलं, तिची सही घेतली, पाण्याचा तांब्या रिकामा केला आणि गेले. पाच मिनिटांचं काम. मी त्यांना फाटकापर्यंत सोडून पुन्हा वर आलो, तिला सांगायला की झालं, आता काळजी नाही. दार उघडंच होतं. ओढणी अजून खोचलेली, लिन फोटोसमोर उभी होती.

"खोटं बोलले, आई," ती हळू आवाजात सांगत होती. "कागदापुरतं."