सूनबाईंची लोण्याची वाटी

माझी धाकटी सून बेकरीत कामाला आहे. तिचं नाक असं, की शेजारणीचं दूध करपायच्या आत हिची हाक गेलेली असते.

नव्यानं रंगवलेल्या भाड्याच्या घरात ती मंडळी राहायला गेली आणि नातीच्या छातीत शिट्टी वाजू लागली. डॉक्टर म्हणाले, ताजा रंग, प्लायवूड, ओल, सगळ्यापासून पोरीला लांब ठेवा. झालं, घरात दोन पक्ष पडले.

"आपण बांधू," मुलगा म्हणाला. "विटा, चुना, साधं लाकूड. आत काय घातलंय ते आपल्याला ठाऊक असेल."

"आणि बांधून होईतो पोरीनं शिट्ट्या वाजवायच्या?" सून म्हणाली. "शिवाय सुताराच्या डब्याडब्यात नाक कोण घालणार? जुनं घर घेऊ. जे उडायचं ते उडून गेलेलं असतं."

"आणि मुरलेलं कुणाला कळणार?"

"लोण्याला."

मी हसलो. पण बेकरीत लोणी साबणाजवळ ठेवत नाहीत म्हणे. ते वास ओढून घेतं. ही बघायला गेलेल्या घरातल्या बंद कपाटात रात्रभर लोण्याची वाटी ठेवायची आणि सकाळी ते पावाला लावून नवऱ्याला खायला घालायची. "सगळं विष नाही कळत यानं," ती म्हणे, "पण जे कळतं ते तरी दारातच अडवू."

पहिलं घर जुनं, पण विकण्यासाठी रंगवून चकचकीत केलेलं. मालकानं विचारलं, "घर बघायला आलात की न्याहारीला?" मुलानं एकच घास घेतला आणि रॉकेल प्यायल्यासारखं तोंड केलं.

दुसरं घर एका निवृत्त नर्सबाईंचं. चुन्याच्या भिंती, झिजलेली फरशी, भरपूर उजेड. सगळ्यांना आवडलं. वाटी ठेवून आलो. सकाळी पाव तोंडात घालताच मुलगा उठला. "व्हार्निश. चला, आता बांधायचंच."

मीही चपला घातल्या होत्या. सून मात्र नर्सबाईंच्या शेजारी जाऊन बसली. "मावशी, काल आम्ही गेल्यावर काही लावलंत का हो?"

बाईंनी जीभ चावली. "कपाटाची परीक्षा आहे असं वाटलं गं. बिचारं कळकट दिसत होतं, म्हणून जरा हात फिरवला."

दुसरी कुणी असती तर कपाळावर हात मारला असता. हिनं पदर खोचला. मी आणि मुलानं ते कपाट अंगणात ओढलं, तिनं खिडक्या सताड उघडल्या. आठवड्यानं खोलीखोलीत वाटी ठेवली. दुसऱ्या दिवशी मुलगा पाव चावत बसला.

"कसं आहे?"

"साखर हवी होती," तो म्हणाला.

तरी तिनं घाई केली नाही. पंधरा दिवस नातीला रोज दुपारी त्याच घरात झोपवलं. त्या शेवटच्या दुपारी सून पोरीच्या छातीला कान लावून बसली होती, आम्ही दाराशी. श्वास आम्हीच रोखून होतो. पोरगी आपली संथ, बिनआवाजाची झोपलेली.

"घेऊ," कुजबुजला तो माझा मुलगाच.