गंगेवरची आबदोज

महायुद्ध चालू होतं तेव्हा मी गंगेकाठच्या एका गावात मास्तर होतो आणि मामांकडे राहत होतो. गंगा म्हणजे गोदावरी. आमच्याकडे तिला गोदावरी फक्त पुस्तकात म्हणतात. मामा गावचे कुलकर्णी. हैदराबादेचं उर्दू वर्तमानपत्र त्यांच्याकडे पुरतं शिळं होऊन येई आणि ते पारावर मोठ्यानं वाचत. समुद्र पाहिलेला गावात मी एकटाच, पण मला कुणी काही विचारत नसे. मामांचा समुद्र माझ्यापेक्षा खोल होता.

एकदा वर्तमानपत्रात आलं, की बडे मुलूख जुनी लढाऊ जहाजं मोडीत काढत नाहीत. दुसऱ्या मुलखाच्या कारखान्यात धाडून नवं इंजिन, नव्या तोफा, नवा पत्रा बसवून आणतात. जगभर हा मोठा धंदाच आहे.

"म्हंजी म्हातारं झालं म्हून कुणी टाकत न्हाई," नावाडी म्हणाला.

हा नावाडी मामांचा लहानपणचा दोस्त. त्याची नाव बापाच्या वेळची. वरच्या अंगाच्या एका जमीनदारानं कोरी नाव बांधून आमचा घाट, म्हणजे माणसं पार नेण्याचा हक्क, मागितला होता. कुणाची नाव ठेवायची ते ठरवायला तालुकदारसाहेब, म्हणजे आमच्याकडचे कलेक्टर, स्वतः येणार होते. घाट गेला तर नावाड्याला दुसरं काही येत नव्हतं. "मी काय, पवत जाईन कुठं बी," असं तो हसून म्हणे. पण त्याचं जेवण तुटलं होतं.

मामांनी जहाजांचा धडा घेतला. कुजक्या फळ्या निघाल्या, नव्या बसल्या, फटींत राळ आणि कापूस गेला. दिंद्रुडच्या बाजारातून पत्रा आणून साहेबापुरतं छप्पर केलं. तोफ तेवढी राहिली. शेवटी मामांनी नाव रंगवून तिच्या नाकावर उर्दूत एक शब्द लिहिला: आबदोज. वर्तमानपत्रात बड्या मुलखांच्या किश्त्यांना तोच शब्द होता.

"म्हणजे काय?" मी विचारलं. माझं शिक्षण पुण्याकडचं, उर्दू यथातथाच.

"जरदोज म्हणजे जरीनं मढवलेलं. मग आबदोज म्हणजे आब, रुबाब, यानं मढवलेलं. मास्तर झालास कसा रे तू?"

साहेब आले. पुढे हलगी, मागे चपराशी, मध्ये एक बारीकसा, घामाघूम, सभ्य माणूस. नावेवरची अक्षरं वाचून तो थबकला.

"ये आबदोज है?"

"पक्की आबदोज, हुजूर!" नावाडी छाती काढून म्हणाला. "सारं गाव ग्वाही दील."

साहेबांच्या मुन्शीला जोराचा खोकला आला. साहेबांनी काठीनं एकेक फळी ठोकून पाहिली, मन घट्ट करून बसले आणि पलीकडे जाऊन कोरडे परत आले. काठावर उतरल्यावर, नव्यानं शिकत असलेल्या मराठीत, शब्द जुळवत ते म्हणाले,

"ही नाव बदला."

हलगी थांबली. नावाड्यानं मुंडासं काढून वाळूत ठेवलं आणि तो खालीच बसला. मामा कुणापुढे सहसा वाकत नसत. ते हात जोडून पुढे झाले. "हुजूर, एक फळी जुनी राहिली नाही. आता आणखी काय बदलायचं?"

साहेब गोंधळले. "किश्ती तो बहुत उमदा है! नाव... नाव! नाम, नाम!" मग मुन्शीनं समजावलं: आबदोज म्हणजे पाण्याखालून चालणारी, बुडी मारून जाणारी.

'ही' आणि 'हे' एवढाच फरक, पण त्या दोहोंमध्ये एका माणसाचा जीव जाऊन परत आला होता. घाट त्याच्याकडेच राहिला.

मुंडासं झटकत नावाडी मामांकडे वळला. "आप्पा, माज्या नावंला तुमी बुडी लिवली व्हय?"

"गप बे," मामा म्हणाले. मग नावेकडे बघत, "दुसरं चांगलं सुचवतो."

"काय बी लिवू नका आता. लई शिकलेली झालती ती." त्यानं स्वतःच्या हातानं त्या अक्षरांवर डांबर फासलं.

पुढेही मामा पारावर वाचत राहिले आणि तो ऐकत राहिला. वाचता वाचता तो शब्द आला, की मामा आवाज उतरवून पुढची ओळ धरत. आणि नावाडी उठून घाटावरची नाव एकदा बघून येई.