देवळाशेजारचा अडाणी

अंबरनाथला आमचं घर शिवमंदिरापासून हाकेच्या अंतरावर. त्यामुळे कॉलेजात मोठ्या निबंधासाठी विषय निवडायची वेळ आली तेव्हा मी बेधडक त्या देवळावर बोट ठेवलं. घरचंच देऊळ, त्यात वाचायचं काय! आराखड्यात लिहून टाकलं, पांडवांनी एका रात्रीत बांधलं. आमच्याकडे लहानथोर सगळे हेच सांगत. प्राध्यापकांनी तांबड्या शाईने विचारलं, 'पुरावा?' आणि सोमवारपर्यंत नवा आराखडा मागितला.

तोही पसंत पडला नसता तर माझी फीमाफी जाणार होती. फीमाफी गेली की कॉलेज बंद. बाबा कामाला होते त्या काडेपेटीच्या कारखान्यातल्या मुकादमाला त्यांनी माझ्या नोकरीसाठी सांगूनही ठेवलं होतं.

शनिवारी उल्हासनगरच्या वाचनालयात गेलो. तिथे कपाटाला हात लावायचा नाही. चिठ्ठी लिहायची, ग्रंथपाल पुस्तक काढून देणार. मी ऐटीत मंदिरशिल्पावरचा सगळ्यात जाड इंग्रजी ग्रंथ मागितला. दोन तासांत दीड पान झालं, तेही डोक्यावरून गेलं. माझा पडलेला चेहरा पाहून ग्रंथपाल उठून आले. सिंधी गृहस्थ, फाळणीनंतर कराचीहून उल्हासनगरच्या निर्वासित छावणीत, कॅम्प पाचमध्ये, राहायला आलेले.

"पहिले छोटा वाचायचा," ते म्हणाले. "कोण, कधी, कुठे. मोटी किताब बाद में."

त्यांनी ज्ञानकोशाचा एक खंड आणि जिल्ह्याची माहिती देणारं जुनं पुस्तक समोर ठेवलं.

कराचीहून आलेल्या माणसाने माझ्या गावचं देऊळ मला शिकवावं, याचा रागच आला. पण वाचू लागलो आणि राग कुठल्या कुठे गेला. देवळात शिलालेख होता, तोही ज्या दारातून मी जन्मभर ये-जा केली त्याच्यावर. शिलाहार राजाचं नाव होतं, शकही दिला होता. शिवाय आणखी काय वाचावं याची यादी ज्ञानकोशातल्या नोंदीच्या तळाशी आयतीच मिळाली. वाचनालय बंद होईपर्यंत चार पानं टिपणं झाली. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

सोमवारी प्राध्यापकांनी आराखडा दोनदा वाचला आणि 'चालेल' म्हणाले. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

संध्याकाळी बाबा कारखान्यातून आले तेव्हा त्यांना सांगितलं. आईने ताट वाढलं होतं, तरी त्यांनी पुन्हा चपला घातल्या.

"आता कुठं?" आईने विचारलं.

"मुकादमाकडं. सांगून येतो, पोऱ्या येत नाय म्हणून."