यंत्राची कावीळ

हे बायकोलाही ठाऊक नाही. किती वेळा लिहायला बसलो, दोन ओळी खरडल्या, कागद फाडला — आज फाडणार नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. भूमकडच्या एका दूध संघात मी कारकून होतो. दुष्काळानं दूध आटलेलं, संघाच्या चारा डेपोपुढं रांगा — आणि अशात आमच्याकडं कॉम्प्युटर आला. गार खोली, चपला बाहेर काढून आत जायचं. तो चालवायचा प्रभाकर. बौद्धवाड्यातला पहिला पगारदार. मला जे थोडंफार येत होतं ते त्यानंच शिकवलेलं.

प्रभाकरला कावीळ झाली. तो महिनाभर रजेवर, त्याच्या खुर्चीत मी. सोलापूरच्या मित्राकडून मी एक फ्लॉपी आणली होती, मोटारींच्या खेळाची. जेवणाच्या सुट्टीत खेळायचो. कुणाचं काय बिघडणार होतं?

मग दिसायला लागलं. खेळाची फाईल सुरू केली की तिचा आकार वाढायचा. पुन्हा सुरू केली — पुन्हा वाढ. त्यानंतर चालवलेला दुधाच्या हिशेबाचा प्रोग्रॅमही फुगायला लागला. अर्ध्या तासात मशीन रखडायचं, पडद्यावर काळा चौकोन उमटायचा. मी बंद करायचो, चालू करायचो, चिडून टेबलावर मूठ आपटायचो. आणि फ्लॉपी? ती मी पिशवीच्या तळाशी सारली. म्हणजे मला कळलं होतं. नाहीतर लपवली कशाला असती?

प्रभाकर कामावर परतला त्याच आठवड्यात प्रोग्रॅम इतका सुजला की सुरूच होईना. सोलापूरहून मेकॅनिक आला. “व्हायरस शिरलाय, कोऱ्या फ्लॉप्या घेऊन येतो,” म्हणाला आणि एसटी गाठायला पळाला.

मॅनेजरसाहेब प्रभाकरकडं वळले. “डॉक्टरनं तुझ्या काविळीत बी ह्यो व्हायरसच सांगितला व्हता न्हवं? तुझं लागलंय त्याला. लांब ऱ्हा बाबा.”

“सायेब, लोखंडाला कावीळ होती व्हय?” प्रभाकर हसला. “मग उसाचा रस पाजू का त्याला?”

सगळे हसले. मीही. पण साहेबांचं मत काही हललं नाही. ऑफिसात प्रभाकरचा चहाचा कप आधीपासूनच वेगळा होता — आता त्याला डॉक्टरी कारण मिळालं. दुसऱ्या दिवशी त्याला चारा डेपोवर पाठवलं, कडब्याच्या पेंढ्या मोजायला.

एक वाक्य पुरलं असतं — साहेब, फ्लॉपी माझी. का नाही बोललो? नोकरीची भीती? आजवर स्वतःला तेच सांगत आलो. ते खोटं आहे. फार तर रागावले असते. मला ती खुर्ची आवडली होती. एवढंच. इतकं क्षुल्लक, की लिहितानाही चीड येते.

पंधरा दिवसांनी मेकॅनिक आला. त्यानं जुन्या फाईली पुसल्या, नव्या घातल्या, दुपारपर्यंत मशीन सुरळीत. संध्याकाळी प्रभाकर खिडकीशी आला. केसांत कडब्याचा भुसा, हात गजांवर.

“झालं की बरं यंत्र,” तो म्हणाला. “मग मला कवा बोलावत्यात? तू जरा सायबाला सांग की.”

मी त्याच्या खुर्चीत बसूनच म्हणालो, “तू आधी नीट बरा हो.”

तो ठणठणीत होता. मला ठाऊक होतं.