सुभेदारांच्या घशातला खवला

माशाला खवले असतात हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. ते काढायचे असतात हे कळलं तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो, अंगात लष्कराचा खाकी शर्ट होता आणि समोर माझ्या बहिणीचे होणारे सासरे खोकत होते.

दुसरी मोठी लढाई संपली त्या सालची ही गोष्ट. कृष्णाकाठच्या आमच्या गावी मी सुट्टीवर आलो होतो. गाव मला आघाडीवरचा शिपाई समजत होतं. खरं तर चार वर्षं मी रेशनच्या गोदामात डबे रचत होतो. (हे कुणी विचारलं नव्हतं, म्हणून मी सांगितलं नव्हतं. म्हणजे तसा खोटं बोललो नव्हतो!) त्या डब्यांत मासे असत. डोकं नाही, शेपूट नाही, खवला तर औषधालाही नाही. झाकण उघडलं की मासा तयार, अशी माझी पक्की समजूत.

धाकटी बहीण हौसा तासगावकडच्या एका घरात पसंत पडली होती. मुलाचे वडील सुभेदार होऊन पेन्शनीत आलेले. बुधवारी दुपारी ते आणि त्यांचे थोरले भाऊ जेवायला येणार, मुक्काम करणार आणि गुरुवारी सकाळी सुपारी फुटणार, असं ठरलं. आईच्या मनात पुरणपोळी. मी म्हटलं, पुरणपोळी काय कुणीही घालतं, सुभेदारांना मासा आवडतो, आपण मासा घालू. पण आईच्या गळ्यात माळ. ती मासळीला शिवत नसे आणि हौसालाही शिवू देत नसे. आमच्याकडं असलं काही व्हायचं ते परसात, तीन दगडांच्या चुलीवर, पुरुषांच्या हातानं. वडील गेल्यापासून ती चूल पेटलीच नव्हती.

"तुला येतंय का रं?" आईनं विचारलं.

"आये, चार वर्सं माशातच काढली की."

हे मात्र अक्षरशः खरं होतं.

बुधवारी सकाळी नदीवर भोयांच्या सगुणामावशीकडून हातभर लांबीचा मासा घेतला. तिनं लगेच विळा उचलला आणि खवले काढून देते म्हणाली. मी विचारलं, कशाला? असा अडाणी माणूस तिला बऱ्याच दिवसांत भेटला नसावा, कारण तिनं विळा खाली ठेवून मला सगळं नीट समजावलं. खवले म्हणजे माशाचं चिलखत. दगडाला अंग घासलं तरी कातडं सोलत नाही, दुसऱ्या माशाचा दात चटकन लागत नाही, पाण्यातला रोग आत शिरत नाही. आणि बसवलेत कसे? घरावरच्या कौलांसारखे, एकावर एक, तोंड शेपटीकडं. म्हणून पाणी अडवत नाही, मासा सरकन पुढं जातो. लय खवलं गेलं की मासा जगत न्हाई, असंही तिनं सांगितलं.

इथं माझ्यातला विद्वान जागा झाला. चिलखत आहे ना? मग काढायचं कशाला? बाहेरचं आत जात नाही, तर आतला रसही बाहेर जाणार नाही! हे सगळं मी तिला ऐकवलं. तिनं मासा तसाच माझ्या हातात दिला.

"मासा मेलाय, लेकरा," ती एवढंच म्हणाली.

परसात मी मासा धुतला, कापायला घेतला. तो हातातून सारखा निसटायचा आणि दर वेळी पकडला की मी मिशीला एक पीळ द्यायचो. रस्सा उकळायला लागल्यावर वास असा सुटला की शेजारी कुंपणावरून डोकावून गेले. हौसा चटणी द्यायला आली. माझ्या तोंडाकडं बघून तिनं पदर तोंडाला लावला. "दादा, तुज्या..." ती सांगतेय तोवर पाहुण्यांची बैलगाडी दारात आली.

मासा मी केलाय हे आधी बोलायचं नाही, तोंडभर कौतुक झालं की मग हळूच सांगायचं, असा माझा बेत होता. सुभेदारांनी रश्श्याचा पहिला भुरका मारला आणि मान डोलावली. दुसऱ्या घासाला ते थांबले. तिसऱ्याला खोकायला लागले. पाणी झालं, कोरडी भाकरी झाली, पाठीवर थापा झाल्या. शेवटी दोन बोटं घशापर्यंत घालून त्यांनी नखाएवढा खवला बाहेर काढला आणि ताटाच्या कडेला ठेवला. थोरले भाऊ मघापासून काही न बोलता चावत होते. त्यांनी तोंडातून सात काढून ओळीनं मांडले. पहिल्या उकळीलाच चिलखतानं मासा सोडला होता आणि ते रश्श्यात सगळीकडं पसरलं होतं.

"मासा कुनी केला?" सुभेदारांनी विचारलं.

आईनं माझ्याकडं बघितलं. मी ताटाकडं बघितलं. 'मी' हा एवढासा शब्द, पण तो काही माझ्या तोंडातून निघाला नाही. त्याची लाज मला आज केस पिकल्यावरही वाटते. दारात भाकरीची दुरडी घेऊन हौसा उभी होती. ती खाली मान घालून म्हणाली, "म्या केला."

नदीकाठची पोर आणि मासा साफ करता येत नाही, असं काहीतरी पुटपुटत थोरले भाऊ ताटावरून उठायला लागले. त्यांच्याबरोबर हौसाची सुपारीही उठलीच म्हणायची.

तेवढ्यात सुभेदार माझ्या तोंडाजवळ वाकले. माझ्या मिशीच्या उजव्या टोकावरून त्यांनी काहीतरी चिमटीत उचललं आणि उजेडात धरलं. वाळून कागदासारखं झालेलं, चकचकीत.

"आन् ह्यो बी पोरीनंच लावला व्हय?"

मग मात्र मी सगळं ओकलो. मासा, डबे, गोदाम, कुणी न विचारलेलंसुद्धा. सुभेदारांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि भावाला हाताला धरून खाली बसवलं.

"बसा आण्णा. भावाची अब्रू अशी झाकती, ती आपल्या घरची बी झाकंल. सुपारी उद्याच फोडायची." मग माझ्याकडं वळले. "तुमी मातर लग्नात चुलीकडं फिरकायचं न्हाई."

हौसाचा संसार चांगला झाला. त्या दुपारवरून ती मला आजवर एका शब्दानं बोललेली नाही, त्यामुळं ते जास्तच लागतं. तिच्या घरी गेलो की ती मासा करते आणि मला वाढताना नुसती माझ्या मिशीकडं बघते. माशाला जगायला अंगभर खवले लागतात. हौसाचं लग्न एका खवल्यावर तरलं, आणि तोही माझ्या हातून धुवायचा राहून गेलेला!