गारठलेला रेडिओ आणि आईच्या ओव्या

अन्याय झाला तो माझ्या आईवर, अडुसष्ट साली, दिवाळीनंतरच्या पहिल्या मंगळवारी, संध्याकाळच्या बातम्या चालू असताना. आमचा नवा रेडिओ वाक्याच्या मधोमध गप्प झाला. तासाभराने बोलू लागला, पुन्हा गप्प झाला. पुढारी असा वागला तर आपण चालवून घेतो. रेडिओचं का म्हणून?

आणि पुढच्याच आठवड्यात त्यावर आई लागणार होती! पुण्याच्या केंद्रावर तिच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या होत्या. यंत्रातून आपला आवाज तिने जन्मात ऐकला नव्हता, आणि कार्यक्रम एकदाच होता.

मी रेडिओ सायकलला बांधून उत्रोलीहून भोरला, घेतला होता त्याच दुकानात नेला. (त्याची खोळ, म्हणजे भरतकामाचा झगा, घरीच ठेवून. दुकानातले तेलकट हात त्याला लागू नयेत, असा आईचा हुकूम.) दुकानात तो दुपारभर खणखणीत बोलला.

"चालतोय की," शेठ म्हणाले.

"घरी बंद पडतो."

"मग घराला काय झालंय ते बघा."

हा समस्त ग्राहकांचा अपमान होता. मी त्याच संध्याकाळी दुकानाविरुद्ध पत्रक लिहून छापायला टाकलं.

घरी झगा घातला, आणि रेडिओ पुन्हा गप्प. वेल्ह्याहून आलेल्या आत्याने निदान केलं, "डोंगरावरनं वारं सुटलंया. गारठला आसंल."

मी अंधश्रद्धेविरुद्ध भाषणं देणारा माणूस. म्हणून मी तेच शास्त्रीय भाषेत सांगितलं: आत दमट हवा शिरते. झग्यावर दुपटं घातलं. रेडिओ आणखी लवकर गप्प होऊ लागला. मग आम्ही गोधडी घातली.

कार्यक्रमाच्या दिवशी अर्धं गाव ओसरीवर जमलं. एवढी आयती सभा मी सोडतो की काय! पत्रकांचा गठ्ठा घेऊन उभा राहिलो. "बंधूंनो, हा रेडिओ आता दहा मिनिटांत बंद पडेल. दुकानदाराच्या लबाडीचा हाच पुरावा!"

"आरं, पुरावा उद्या दे," आई म्हणाली. "आज माझ्या ओव्या हायेत."

तेव्हा कुठे मला उमगलं की रेडिओ बंद पडला तर आई बुडते, आणि न पडला तर मी.

इतक्यात शेजारणीचं लेकरू पेंगलं. आत्याने कुणाला न विचारता रेडिओवरची गोधडी, दुपटं, झगा, सगळं ओढलं आणि त्याला अंथरलं. "आगं बया, चुलीवाणी तापलाय की ह्यो!"

दहा मिनिटं झाली. माझा पुरावा खणखणीत आवाजात बाजारभाव सांगत होता.

"पुढारी," मागून कुणीतरी विचारलं, "कवा पडायचा बंद?"

मी गठ्ठा पाठीमागे लपवला. आणि ओवी सुरू झाली. हरल्याचा एवढा आनंद मला कधीच झाला नव्हता. आई तोंडाला पदर लावून ऐकत होती. दुसरी ओवी संपली तशी ती उठली आणि तिने कान पिळून रेडिओ बंद केला.

"आई, काय केलंस हे?"

"कोण बाई ती? किती रडून म्हंती. म्या दावते कसं म्हनायचं."

मग साऱ्या ओव्या तिने तिथेच बसून म्हटल्या.

रेडिओवरचा तो आवाज तुझाच, आणि गोड होता, हे मी तिला आजवर सांगतो आहे. ती म्हणते, "तुला रं काय कळतंय रेडिओतलं?" तेव्हा वाचकहो, उत्रोलीला या, आणि तुम्हीच तिला सांगा.